सारख्या वजनाची आठ डुकरे

ता. ४ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे.
टेम्पो आत्ताच फाटकाबाहेर गेला. मी उपड्या बादलीवर बसून हे लिहीत आहे.

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी आणि आई ठीक आहोत. आईचा खोकला गेला, पण कोणी आले की ती सवयीने थोडासा खोकते.

तुझ्या दुकानातून मांड्या नेणाऱ्या हॅमवाल्याची तक्रार मी मनाला लावून घेतली आहे. मागच्या खेपेचे मांस त्याला आवडले, पण मांड्या लहानमोठ्या असल्यामुळे मीठ एकीत मुरले आणि दुसरीत मुरायचे राहिले, असे तू कळवले होतेस. या वेळी तसे होणार नाही. काल दुपारी तिन्ही कप्प्यांतली सगळी डुकरे काट्यावर घातली आणि सारख्या वजनाची आठ निवडून एका कप्प्यात ठेवली. सर्वांत जड आणि सर्वांत हलके यांत दोन किलोंचा फरक राहिला. त्याहून कमी करणे मला जमले नाही, त्याबद्दल माफी असावी.

चरबीला वास येतो असे तू म्हणाली होतीस, म्हणून मासळीचा भुगा महिन्यापूर्वीच बंद केला. हॉटेलातले उष्टेही घेत नाही, त्याने चरबी मऊ पडते. आता फक्त मका, कोंडा आणि सोयाबीनची पेंड. काल दुपारपासून उपाशी ठेवली, पाणी मात्र भरपूर दिले. भरल्या पोटी गाडीत बसली की ती उलट्या करतात. उपाशी असल्यामुळे बिचारी फार ओरडली. मला ऐकवेना, म्हणून मी आईला घेऊन बाजारात गेलो. आईला काही घ्यायचे नव्हते, तरी ती आली.

सुपरवायझरसाहेबांनी प्लायवूडच्या कारखान्यातली माझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. हॅमवाल्याने वर्षभराचे ठरवले तर मला परत जावे लागणार नाही, नाही ठरवले तर जावेच लागेल. फळ्या मोजायला माझी हरकत नाही. पण फळी आपल्याकडे बघत नाही.

काकांना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव. मांस पाहण्याआधीच ठेवलास तर जास्त बरे.

तुझा भाचा

*

ता. ६ फेब्रुवारी, दुकान

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, आणि मग बातमी. क्रम मुद्दाम असा ठेवलाय.

मांस काळं निघालं. गडद, कोरडं, बोटाला चिकटणारं. काकांनी सुरी लावली आणि ते थांबले. ते थांबले की मला घाम फुटतो, कारण हा माणूस आमच्या लग्नातसुद्धा कुठे थांबला नव्हता. हॅमवाला आला, त्याने नेहमीसारखा मांडीत अंगठा दाबला, वास घेतला आणि छताकडे बघत बसला. म्हणाला, असलं मांस मिठात घातलं तरी आतून बिघडतं, टिकत नाही. मांड्या मात्र अगदी सारख्या आहेत हे त्याने कबूल केलं. सोळाच्या सोळा सारख्याच वाईट.

आम्ही सगळ्याचा खिमा केला आणि गिऱ्हाइकांना आजच खा म्हणून बजावलं. तीन जणींनी मला विचारलं, की उद्या खाल्लं तर काय होईल. मी म्हटलं, उद्या कळेल.

काकांचं म्हणणं असं, की जनावर ऐन वेळेला घाबरलं तर मांस फिक्कट पडतं आणि त्याला पाणी सुटतं. त्या मोठ्या फार्मवरची डुकरं काठीने हाणत आणली होती तेव्हा तसंच झालं होतं, ट्रेमध्ये नुसतं तळं. हे उलटं आहे. हे जनावर खूप वेळ दमलंय, अंगातलं सगळं वापरून बसलंय. तू त्यांना व्यायाम लावलायस का? त्या टेम्पोवाल्याला जरा विचार.

हॅमवाला पंचवीस तारखेला शेवटचं बघणार. नंतर तो मोठ्या फार्मकडे जाईल, आणि तू फळ्यांकडे. ताईला यातलं निम्मंच सांग.

लोभ आहेच. आज जरा गडद आहे.

मावशी

*

ता. १३ फेब्रुवारी, सकाळी अकरा. टेम्पोतून उतरून अंगाचे गवत झटकले आणि लिहायला बसलो.

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. आईला निम्मे सांगितले. उरलेले निम्मे तिने माझ्या तोंडावरून ओळखले.

टेम्पोवाल्याला विचारले. तो दुखावला. तरी मी त्याची काठी काढून घेतली, खाली गवताचा जाड थर दिला, चढायची फळी कमी उताराची केली आणि आज तुझ्या काउंटरसाठी चार डुकरे पाठवताना स्वतः मागे त्यांच्याबरोबर बसलो. वळण आले की मी आतून पत्र्यावर थाप मारायची आणि त्याने वेग कमी करायचा, असे ठरले होते. तो म्हणाला, की मी स्वतःची बायको घरी आणली तेव्हाही गाडी इतकी जपून चालवली नव्हती, आणि याचा त्याला आता पश्चात्ताप होत आहे. कशाचा, ते कळले नाही.

डुकरे वाटभर झोपली होती. मी तुला न भेटताच परतलो, कारण माझ्या कपड्यांना दुकानात घेण्यासारखा वास नव्हता. हीही चार सारख्या वजनाचीच निवडली होती, सवय राहावी म्हणून. काल उपाशी ठेवल्यावर पुन्हा तसाच आरडाओरडा झाला आणि आम्ही पुन्हा बाजारात गेलो. आईने या वेळी एक चाळणी घेतली.

मांस कसे निघाले ते लगेच कळव. काळजी वाटत नाही असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही.

लोभ असला तर कळव, नसला तरी कळव.

तुझा भाचा

*

ता. १५ फेब्रुवारी, दुकान

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद, नेहमीचेच.

पुन्हा काळं.

पण या वेळी केस काढल्यावर कातडी मी स्वतः दिव्याखाली धरून बघितली. खांद्यांवर ओरखडेच ओरखडे, कानांच्या कडा कुरतडलेल्या. टेम्पोवाला नंतर दुसऱ्या कोणाचा माल उतरवायला आला होता, त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, माझ्या टेम्पोला हॉर्न नाही, दात कुठून असणार. तर त्याची माफी माग, आणि काठी परत देऊ नकोस.

हे चावे आहेत, बाळा. ती गाडीत झोपली होती म्हणतोस ना? झोपतीलच, दमली होती. म्हणजे जे काय होतं ते गाडीच्या आधी होतं. त्यांना उपाशी ठेवलं की तू बाजारात पळतोस. एकदा जाऊ नकोस. कानात बोटं घाल, पण डोळे उघडे ठेव.

पंचवीस तारीख मी पुढे ढकलायला बघितली. हॅमवाला म्हणाला, की तारीख ढकलेन, पण मग अंगठाही दुसरीकडेच दाबेन.

ताईला म्हणावं, चाळणी चांगली असेल तर माझ्यासाठीही एक घे. आणि तू जेवत जा.

मावशी

*

ता. २३ फेब्रुवारी, दुपारी पावणेचार. डाव्या पोटरीवर बर्फ धरून उजव्या हाताने लिहीत आहे.

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सापडले. मीच आहे.

काल वेगवेगळ्या कप्प्यांतली चार सारख्या वजनाची डुकरे निवडली. त्यांना आधी पोटभर खायला घातले, म्हणजे भुकेचे निमित्त उरू नये, आणि मग एकत्र सोडले. शेजारच्या कप्प्यातल्या आठांना, जी एकाच डुकरिणीची आहेत आणि जन्मापासून एकत्र आहेत, त्यांना तेवढाच वेळ उपाशी ठेवले. मी मधल्या भिंतीवर बसलो.

उपाशी आठ एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडून राहिली. पोट भरलेल्या चौघांनी मात्र लगेच खांद्याला खांदा लावला आणि चावायला सुरुवात केली. कोण वरचढ ते ठरल्याशिवाय ती थांबत नाहीत, आणि सगळी सारख्या वजनाची असल्यामुळे ते ठरेना. एखादे लहान असते तर ते मुकाट्याने कोपऱ्यात गेले असते. मी एकही लहान ठेवले नव्हते. शेवटी प्लायवूडची फळी मध्ये घालून त्यांना वेगळे केले. त्यात पोटरीला जे लागले ते चावणे नसून धडक आहे, असे डॉक्टर म्हणाले. आईचे मत वेगळे आहे.

म्हणजे मावशी, ती भुकेने ओरडत नव्हती. मी त्यांना काट्यावर तोलून परक्यांत नेऊन सोडायचो, ती सकाळपर्यंत भांडायची, आणि मी बाजारात जायचो.

आता प्रश्न असा, की या घडीला माझ्याकडे दोनच प्रकारचा माल आहे. सारख्या मापाचा, जो काळा निघणार. किंवा त्या एका आईच्या आठांचा, जो चांगला निघेल, पण त्यांत सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान यांत सव्वीस किलोंचा फरक आहे. हॅमवाल्याची मूळ तक्रार हीच होती. पंचवीसच्या आत तिसरा प्रकार तयार होत नाही, मी बराच विचार केला.

ती आठ पाठवत आहे. उद्या दुपारी खाणे बंद करीन, काटा काढणार नाही, कोणालाही हलवणार नाही आणि फाटक उघडेपर्यंत तिथेच बसेन. तू मांड्या शक्य तर एका ओळीत मांडू नकोस.

लोभाचे काय करायचे ते पंचवीसनंतर ठरव.

तुझा भाचा

*

ता. २५ फेब्रुवारी, दुकान बंद केल्यावर

चि. भाच्यास,
आशीर्वाद. पोटरीला हळद नको लावू, बर्फच ठेव.

मी मांड्या एका ओळीतच मांडल्या. लपवालपवी करायला गेलं की माझा चेहरा आधी बोलतो.

हॅमवाल्याने ओळ बघितली आणि विचारलं, की हा माल काय अख्ख्या बाजारातून एकेक करून गोळा केला का. मी सांगितलं, एकाच आईची आहेत सगळी. मला आणि माझ्या ताईला शेजारी उभं करून बघा, उंचीवरून कोणी बहिणी म्हणेल का. त्याने ताईला बघितलेलं आहे. लगेच अंगठा पुढे आला.

पहिलीत दाबला. मांस गुलाबी-लाल, घट्ट, बोट वर घेतल्यावर हळूच भरून आलं. दुसरीत दाबला, तिसरीत दाबला. पाचवीनंतर त्याने दाबणं सोडून दिलं आणि काकांकडे चहा मागितला. काकांनी दुसरा चहा विचारला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग तो मापांवरून कुरकुरायला लागला. मोठीत मीठ मुरेपर्यंत लहान खारट होईल, वगैरे. मी म्हटलं, मोठ्या एका पिंपात घाला, लहान दुसऱ्या पिंपात. हे इतक्या दिवसांत त्याला सुचलं नव्हतं, मलाही नाही, आणि तुला तर नाहीच. तेव्हा यापुढे वर्गवारी मेल्यानंतर करायची असं ठरलंय. जिवंतपणी त्यांना आपापल्या माणसांत राहू दे.

वर्षभर घेणार. अंगठा दर वेळी दाबणार, ते त्याने आधीच सांगून ठेवलंय.

ताईला या वेळी सगळं सांग.

मावशी

*

ता. २८ फेब्रुवारी, सकाळी सात. खाणे घालून झाले आहे.

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईला सगळे सांगितले. ती रडली, मग उंचीबद्दल तू जे बोललीस त्यावर रागावली, मग दोन्ही एकदम करू लागली. तिचे वेगळे पत्र येईल.

नवी अकरा पिल्ले आली आहेत. त्यांना त्यांच्या आईपासून सोडवल्यावरही एकाच कप्प्यात ठेवणार, शेवटपर्यंत. त्यांत एक फारच बारके आहे. त्याला दुसऱ्या कप्प्यातल्या बारक्यांत नेऊन ठेवावे असे मला रोज वाटते, आणि रोज मी कोंड्याची पोती मोजायला निघून जातो.

काकांना नमस्कार, आणि चहाबद्दल अभिनंदन. लोभ आहे हे आता मी गृहीत धरतो; चुकत असेन तर कळव.

तुझा भाचा

ता. क. काल कारखान्यात जाऊन सुपरवायझरसाहेबांना सांगितले, की मी परत येत नाही. त्यांनी कारण विचारले. मी म्हटले, डुकरे. त्यांनी काळजीने विचारले, की आजारी आहेत का. मी म्हटले, नाही, एकत्र आहेत.