सहा धडे आणि एक लाकडी चमचा

७ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी बाबांना फोन काढून घ्यावा लागतो, म्हणून हे पत्र. टिकलीला सुट्टीत आठ दिवस तुझ्याकडे पाठव म्हणतेस. ती तर आत्तापासूनच बॅग भरून बसली आहे. पण आई, पाच वर्षांपूर्वी तुझ्या बेकरीतल्या शेंगदाण्याच्या बिस्किटाचा अर्धाच तुकडा तिने खाल्ला, ओठ सुजले, श्वास लागला. तिला अ‍ॅलर्जी आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझ्यावर राग नाही गं, पण माझी भीती काही जात नाही.

तेव्हा एक अट. अशा मुलांच्या घरच्यांसाठी एक ऑनलाइन कोर्स आहे. सहा धडे, शेवटी परीक्षा. मी तीन वर्षांपूर्वी केला. तुझं नाव घातलंय. प्रमाणपत्र दाखव आणि नात घेऊन जा. बाबांकडून कॉपी करायची नाही!

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी


१५ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी नापास झाले. घे हसून. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभी राहिलेली बाई मी, आणि त्या मेल्या कॉम्प्युटरने मला दहापैकी चार गुण दिले! प्रश्न होता, बिस्किटावरचे शेंगदाणे काढून टाकले तर ते मुलाला देता येईल का. मी बेधडक ‘हो’वर बोट ठेवलं. काढणारी मी असल्यावर एक कण राहील का, असा माझा तोरा.

मग तिसरा धडा पुन्हा पाहिला. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेलेला चमचासुद्धा पुरतो म्हणे. माझा लाकडी चमचा तुला माहीत आहे. चव बघायची, एप्रनला पुसायचा, पुढच्या पातेल्यात घालायचा. आज तो घराबाहेर काढला. तुझे बाबा म्हणाले की लग्नापासून या घरात तो आणि मीच टिकून होतो, आज तो गेला, आता माझा नंबर.

आणखी एक सांगते. त्या दिवशी तो तुकडा मीच तिला भरवला होता गं. पाच वर्षं हे कुणापाशी बोलले नाही. म्हणून मला पास व्हायचंच आहे.

जावईबापूंना आशीर्वाद, टिकलीला पापा.

तुझी,
आई


१९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

चार गुणांवर पोट धरून हसले आणि पुढचं वाचून रडले. अगं, डब्यातून ते बिस्किट काढून तुझ्या हातात मीच दिलं होतं. तेव्हा ते ओझं आता निम्मं निम्मं.

टिकलीला अ‍ॅलर्जीचा झटका आला तर द्यायच्या इंजेक्शनचं सरावाचं पेन सोबत पाठवतेय. त्यात सुई नाही, औषध नाही. मांडीवर दाबून धरायचं. खरं पेन टिकलीबरोबर येईल. बाबांच्या मांड्या सांभाळ.

तुझीच,
धाकटी


२८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

दहापैकी दहा! प्रमाणपत्र भट्टीवरच्या भिंतीला टांगलंय.

पेनाचा सराव जोरात चालू आहे. तुझे बाबा बेशुद्ध पडायचं काम करतात. तरुणपणी नाटकात कुणी घेतलं नाही, त्याचं उट्टं आता काढतायत. पहिल्यांदा पडले तेव्हा एक गिऱ्हाईक पाणी घेऊन धावलं. पोस्टमनच्या मांडीवरही दाबून पाहिलं, तर तो आता पत्रं खिडकीतूनच टाकतो. समोरच्या शिंपीणबाईंनी मात्र हौसेने दोनदा करून घेतलं.

शेंगदाण्याची बिस्किटं कायमची बंद. भट्टी घासली, ट्रे नवे आणले. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, तेव्हा मी त्यांना सहावा धडा लावून दाखवला. आता कुणी कुरकुरत नाही, येतही नाही. येतील, जातात कुठे!

पाठव आता माझी पोर.

तुझी,
दहा गुणांची आई


५ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

टिकलीला सोडून काल घरी पोचले, तरी कान अजून गरम आहेत. मी दारात पाऊल टाकते न टाकते तोच तू खारी बिस्किटांचा पुडा माझ्या हातातून काढून घेतलास, चष्मा लावलास आणि बारीक अक्षरांतली ओळ मोठ्याने वाचलीस, की याच कारखान्यात शेंगदाणे वापरतात. मी म्हटलं की आम्ही वर्षभर हीच आणतो. तू म्हणालीस की चौथा धडा, प्रत्येक पुडा, प्रत्येक वेळी.

घरी येऊन जुनं वेष्टण पाहिलं. त्यावर ती ओळ नाही गं. ती नवीन आली आणि मी न वाचताच पुडा पिशवीत टाकला. गाडीत टिकली भूक भूक करत होती. नशीब माझं, मी म्हटलं की आजीकडे गेल्यावर खा.

आई, आज पाच वर्षांनी मी निश्चिंत बसून चहा प्यायले. आठ दिवसांनी तिला न्यायला येते.

कान धरलेली,
धाकटी


८ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि. (असंच लिहायचं असतं, आजी म्हणाली.)

मी मजेत आहे. आजोबा आज पाच वेळा बेशुद्ध पडले आणि मी त्यांना पाचही वेळा वाचवलं. आजीने नवा चमचा आणलाय. तो फक्त माझा. आजोबांनी हात लावला तर ओरडा बसतो.

आई, तुझं प्रमाणपत्र फार जुनं झालंय म्हणे. म्हणून आजीने तुझं नाव पुन्हा कोर्सला घातलंय. सहा धडे, शेवटी परीक्षा. बाबांकडून कॉपी करायची नाही. पास झालीस की प्रमाणपत्र दाखव आणि मला घेऊन जा.

अजिबात घाई करू नकोस.

तुझी लाडकी,
टिकली