काळा की पिवळा

अण्णा, आपल्या वाडीत सध्या दोन कुत्रे आहेत आणि उद्या त्यातला एक जाणार आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला लिहायला बसले ती कुत्र्यांबद्दल, याचं मलाच हसू येतंय. पण विचारू कोणाला? आई फोनवर म्हणाली होती, तू ठरव. नवरा म्हणतो, तुझ्या माहेरचा प्रश्न, मी काय बोलू. इंटरनेटवर एकाच जातीच्या कुत्र्याबद्दल एक जण लिहितो, घरासाठी याच्यासारखा नाही. दुसरा लिहितो, म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवूच नका. वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात विहिरीवरचा पंप चोरीला गेला. सकाळी नळाला पाणी आलं नाही तेव्हा आईला कळलं. "पंपच गेला ना, मी आहे की," असं ती फोनवर म्हणाली आणि मी इकडे पनवेलला. एवढी मोठी वाडी, आणि त्यात ती एकटी. पनवेलला चल म्हटलं तर बिल्डिंगमध्ये तिचा जीव गुदमरतो. शेवटी शेजारच्या बंगलेवाल्यांनीच तोड काढली. ते बंगला विकून चाललेत. त्यांचे हे दोघे, एक जर्मन शेफर्ड, म्हणजे तुम्ही ज्याला अल्सेशियन म्हणायचात तो, आणि एक लॅब्रॅडॉर. "कुठलाही एक ठेवा, दुसरा पालीला माझ्या भावाकडे जाईल," असं म्हणून आठवडाभरासाठी दोघांनाही आपल्याकडे सोडून गेले. आई शेफर्डला काळा म्हणते, लॅब्रॅडॉरला पिवळा.

पिवळा म्हणजे नुसता लाडोबा. येईल त्याच्या अंगावर पाय टाकतो, भाकऱ्यांच्या डब्याचं झाकण नाकानं उघडतो. चोर आला तर त्याला विहीर दाखवायला पुढे धावेल. काळ्याचं सगळंच वेगळं. आईच्या हातून मिळालं तरच खातो. ती धुणं धुवायला बसली की दगडाशेजारी बसतो, ती उठली की उठतो. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या कोळणीला कुंपणाच्या बेड्यापाशी अडवलं. ती समुद्राकडून आपल्या वाडीतूनच रस्त्यावर जाते ना, तशीच टोपली डोक्यावर घेऊन येत होती. बांबूचं बेडं अर्धवट सरकवून तिथेच उभी राहिली आणि ओरडली, "वयनी, ह्याला आत घे गो! मना चोर समजतंय ह्यो!" आई हे मला हसत हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

कारण त्या वाटेवरून तुम्ही मला कसे रागावला होतात ते मी विसरलेले नाही. दहावीचं वर्ष. लोकांच्या येण्याजाण्यानं अभ्यास होत नाही म्हणून मी बेडं साखळीनं बांधून टाकलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होतात. ताटावरून उठलात, तशाच उष्ट्या हातानं जाऊन साखळी सोडवलीत आणि म्हणालात, "वाट आपण दिलेली नाही. ती होतीच, आपण मागाहून आलो." आणि हेच तुम्ही मला नोकरी लागली तेव्हा पनवेलला निघताना एक भलंमोठं कुलूप हातात देता, वर बजावता की तिथे दार उघडं टाकायचं नाही. आता आई एकटी असताना तुमचं यातलं कुठलं म्हणणं धरू मी? काळा ठेवला तर वाट बंद पडणार, आईशी दिवसाकाठी चार शब्द बोलणारी माणसं तुटणार. पिवळा ठेवला तर माणसं येतील, पण त्यांच्यामागून कोण येईल त्याचा भरवसा नाही. एसटीत बसल्यावर काळा नक्की केला, पोयनाडला पिवळा, अलिबाग येईस्तोवर पुन्हा काळा.

आज दुपारी पोचले. बेडं सरकवलं आणि समोर काळा. भुंकला नाही, दात दाखवून गुरगुरत नुसता उभा राहिला. "अरे, मी या घरातली आहे," मी म्हटलं. कुत्र्याला! पिवळा मागे शेपटी हलवत नाचत होता, पण काळ्याला ओलांडायची त्याचीही छाती होईना. तेवढ्यात मागून, मासळी विकून परतणारी कोळीण आली. काळ्यानं तिच्या पायाशी नाक नेलं आणि बाजूला झाला. ती आत जाऊन हाक मारायला लागली, "वयनी, तुजी पोर आलीय गो! ह्यो तिला आत सोडत न्हाय!" आई लगबगीनं आली. "आपली आहे रे," म्हणाली, तेव्हा कुठे त्यानं मला येऊ दिलं, तरी ओटीपर्यंत मागोमाग आलाच. अण्णा, मला फार वाईट वाटलं. राग कोणाचा आला तेही कळेना. महिन्यातून एकदा येणारीला त्याने का ओळखावं?

जेवायला वाढताना आई म्हणाली, "काळाच राहू दे. त्याला रोजची माणसं कळतात. कोळणीला कसा ओळखायला लागला बघितलंस ना?" खरं होतं. वाट बंद पडणार नव्हती, राखण होणार होती, आणि आईला तोच हवा होता. एवढं सगळं सरळ दिसत असताना माझं मन कुठे अडत होतं कोण जाणे. मी म्हटलं, बघू.

मग आई मागे भांडी घासत असताना मी बंगलेवाल्यांना फोन केला आणि पिवळा ठेवतो आम्ही, असं सांगून टाकलं. आईला म्हटलं, त्यांच्या भावाला शेफर्डच हवाय, आपलं काही चालणार नाही. भावाने तसं काहीही मागितलेलं नाही. आई "बरं" म्हणाली आणि काळ्यासाठी भाकरी कुस्करायला बसली. अजून तिथेच बसली आहे. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून मी फाडून टाकणार आहे. पिवळा मला दारात अडवत नाही, अण्णा, दुसरं काही कारण नाही.