ह्यांच्या कुंड्यांना पाणी

९ नोव्हेंबर २०२४

आज पुन्हा माणसं! सकाळी उरणहून ह्यांच्या मावसबहिणी, दुपारी मोहल्ल्यातल्या बायका, संध्याकाळी त्यातल्याच काही परत. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं — कसं झालं, सकाळी काय खाल्लं होतं, छातीत दुखत होतं तर आधी का नाही बोलले. गेलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून माझी उलटतपासणी. तोंड दुखतंय.

अस्मा, ह्यांची धाकटी बहीण, इथेच राहिली आहे. माझी इद्दत, नवरा गेल्यावर बाईने घरात बसायचे दिवस, संपेपर्यंत राहणार म्हणते. म्हणजे चार महिने दहा दिवस! “भाभी, तुला एकटीला कशी सोडू?” हे तीस वर्षं ओमानला, सलाल्याला होते, तेव्हा या घरात मी एकटीच होते. एकटं राहायची सवय मला ह्यांनीच लावली. तेव्हा कुणी विचारायला आलं नाही.

११ नोव्हेंबर

बाहेर पडायचं नाही म्हणून गच्चीवर गेले. गच्ची घरातच धरतात का, ते अस्माने आधी मौलानांना फोन करून विचारलं. धरतात म्हणाले. उपकार झाले.

गच्ची म्हणजे ह्यांचं राज्य. रिटायर होऊन आल्यापासून सकाळी चहा घेऊन वर जायचे ते ऊन तापल्यावर खाली. मला एकच शिकवण — “हात लावू नकोस.” कुठल्या देशाचं कोण, सगळं तोंडपाठ. ते काटेरी पॅकिपोडियम मादागास्करचं. ती स्टॅपेलिया दक्षिण आफ्रिकेची — फूल आलं की सडक्या बोंबलाचा वास, माशा घोंगावतात, आणि हे माणसांना बोलावून बोलावून हुंगायला लावायचे! “बोगनवेल ब्राझीलची, चाफा मेक्सिकोचा, कब्रस्तानातली सदाफुलीसुद्धा मादागास्करची. ज्यांना आपण इथलं म्हणतो ना मुबीना, ते सगळे विझावर आलेले.” हे बोलताना स्वतःवरच खूश.

मधोमध तो म्हातारा अडेनियम. बुंधा मडक्यासारखा फुगलेला. सलाल्याच्या डोंगरावरचं बी. सायमा झाली त्या वर्षी पावडरच्या डब्यात लपवून आणलं होतं. बाळंतपणाला रजा मिळाली नाही, आले ते पोर रांगायला लागल्यावर. आणि आल्या आल्या पोरीला उचलायच्या आधी कुंडी शोधली. मी विसरलेले नाही.

१६ नोव्हेंबर

वर गेले तर तिघी बायका झाडांना पाणी घालतायत. अस्मा तांब्या भरून देतेय. तिनेच सगळ्यांना सांगितलंय — हिरवं झाड तसबीह करतं, अल्लाहचं नाव घेतं, त्याचा सवाब, त्याचं पुण्य, गेलेल्या मरहूमला पोहोचतो. “येईल तिने भाईजानच्या झाडांना तांब्याभर पाणी घालून जायचं.”

हे स्वतः पाणी कसं घालायचे, मला आठवत नाही. रोज तर घालत नव्हते. पण मय्यतच्या नावाने पाणी घालणारीला अडवायचं कुणी? अडवायला ताकद लागते. खाली येऊन पडून राहिले.

२४ नोव्हेंबर

सायमाचा व्हिडिओ कॉल, पुण्याहून. लिपस्टिक लावलेली, छान दिसत होती. हसतच बोलते नेहमी. “अम्मी, इद्दत संपली की तू आमच्याकडे कोंढव्याला. घर भाड्याने देऊ. अरीबला सांगितलंय मी.” म्हणजे जावयाशीही बोलून झालं. वर म्हणाली, “तू आलीस तर मला बरं होईल.”

सगळे असंच म्हणतात. मी “बरं” म्हटलं. माझं घर, माझं स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारी गल्ली — सगळं एका “बरं”मध्ये देऊन टाकलं. भांडायचा कंटाळा आला म्हणून.

अस्मा मागून म्हणाली, “पोरीने नशीब काढलं हो.”

५ डिसेंबर

अडेनियम फुलला! एवढ्या थंडीत! पानं कमी आणि फुलंच जास्त, लालभडक. अस्मा रडायलाच लागली. “बघ भाभी, कबूल झालं.” मोहल्ल्यात फोन गेले. आता बायका मला सोडून झाड बघायला येतात. चला, तेवढी माझी सुटका.

१२ डिसेंबर

फुलं गळली. उरलेली पानं पिवळी. अस्माने उमऱ्याहून आणलेल्या बाटलीतलं झमझमचं पवित्र पाणी घातलं. वर साधं पाणीही घातलं, दोन तांबे.

१८ डिसेंबर

प्रभाकरभाऊंचा फोन. नवीन पनवेलला राहतात, बँकेतून रिटायर. ह्यांचे झाडवेडे दोस्त — दोघं मिळून नर्सऱ्या पालथ्या घालायचे, आणि त्यांची रमा आणि मी त्यावर हसायचो. झाडं कशी आहेत विचारलं. मी सांगितलं — अडेनियम फुलून गेला, रोज पाणी चालू आहे, सगळ्या बायका प्रेमाने घालतात.

लगेच म्हणाले — “वहिनी, थंडीत तो झोपतो. कमरुद्दीनभाई दिवाळीनंतर त्याला जवळजवळ पाणी देतच नसत. वाळवंटातलं झाड ते. वर जा आणि बुंधा दाबून बघा.”

दाबला. अंगठा आत गेला. वास आला.

१९ डिसेंबर

काय दिवस गेला!

प्रभाकरभाऊ आले, पण वर येईनात. “वहिनींची इद्दत आहे, मी खालीच बरा.” गल्लीत उभे राहिले, मान वर करून. रमा सुरी घेऊन वर आली. तिने आयुष्यात फक्त भाजी चिरलेली. आम्ही दोघींनी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, कारण खालून ओरडा — “चीक विषारी असतो! डोळ्याला हात लावू नका!” कुंडी आडवी करून झाड ओढलं. मुळं निघालीच नाहीत, चिखल निघाला.

“काय दिसतंय?”

“तपकिरी!” रमा कठड्यावरून.

“कापा! पांढरं दिसेपर्यंत कापा!”

कापलं. तपकिरीच. “अजून! दया नको, वहिनी!” सगळी गल्ली ऐकतेय. अस्मा जिन्यात बसून रडतेय, “भाईजानचं झाड कापतात.” अर्ध्याच्या वर बुंधा गेला, तेव्हा कुठे पांढरं लागलं. बिर्याणीसाठी कुटून ठेवलेली दालचिनी जखमेवर चोळली. बुरशीवरची पावडर आणायला कोण जाणार?

मग गच्चीच्या कठड्यावरून मीच विचारलं, पदर डोक्यावर घेऊन — “आता काय करायचं, भाऊ?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“काहीच नाही. पाणी नाही, ऊन नाही. सावलीत ठेवायचं. आणि सारखं उचलून बघायचं नाही. जखम सुकू द्यायची.”

“पण फुललं होतं हो! किती फुललं होतं!”

“जिवावर बेतलं की फुलतं कधी कधी. आतून सडत असतं, वरून कळत नाही.”

जाताना म्हणाले, “कुणावर रागावू नका. पाणी घालणारे सगळे चांगलेच असतात.” भला माणूस. पण मी रागावले आहे.

२० डिसेंबर

अस्मा जेवली नाही. शेवटी म्हणाली, “भाभी, मी मारलं ना भाईजानचं झाड?”

हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर होतं. “नाही गं” म्हटलं आणि तिच्यापुढे चहा ठेवला. तिचाही भाऊच गेलाय.

३ जानेवारी २०२५

येईल ती म्हणते, फेकून दे. सुकं लाकूड उशाशी ठेवून कुणी बरकत पाहिली आहे का? उशाशी नाही, जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात ठेवलंय. आणि गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. सासू झाल्यासारखं वाटतंय.

९ जानेवारी

आज रडले. हे गेल्यापासून माणसांसमोर रडले होते, ते वेगळं. आज एकटीच, जिन्यात, त्या ओंडक्याशेजारी बसून.

राग आला म्हणून रडले आधी. एवढी वर्षं तिकडे काढली. आले तर गच्चीवर. “हात लावू नकोस” म्हणालास, पण कधी शिकवलं नाहीस. शिकवलं असतंस तर त्या बायकांना मी एका शब्दात थांबवलं असतं.

मग नुसतीच आठवण आली. संध्याकाळी खाली उतरले की हाताला मातीचा वास असायचा आणि ते मुद्दाम माझ्या गालाला हात लावायचे. मी ओरडायचे. कशाला ओरडायचे!

१४ जानेवारी

रमा तिळगूळ घेऊन आली. जखम सुकून टणक झालीय म्हणाली. खडी आणि कोरडी वाळू घालून लहान कुंडीत उभं केलं. पाणी अजून नाहीच. प्रभाकरभाऊ खालून — “जिवंत आहे का?” रमा वरून — “काय माहीत!”

अस्माने तिला तिळगुळाच्या बदल्यात खिमा-पाव डबाभर द्यायला काढला, मग आठवलं ते खात नाहीत. दोघी हसल्या. घरात कुणी हसलेलं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

२७ जानेवारी

सायमाचा व्हिडिओ कॉल. जासईच्या कंटेनर यार्डात नोकरीला असलेलं एक कुटुंब घर बघायला येणार, मार्चच्या सुरुवातीला. मग अचानक — “अम्मी, गच्चीवरची खोली रिकामीच आहे ना?” मी म्हटलं, ह्यांच्या पिशव्या आणि खताची पोती आहेत. भाडेकरूसाठी विचारत असेल.

मागे बाथरूमच्या फरशा दिसत होत्या आणि नळ वाहत होता. “नळ का चालू ठेवलायस?” तर म्हणाली, “असंच.” हसली. “लवकर ये ना, अम्मी.”

८ फेब्रुवारी

सांगून टाकलं सायमाला. येणार नाही म्हटलं. भाडेकरूंना नको म्हणून कळव. मला कुणी उठवू नका, बसवू नका, जेवलीस का विचारू नका. मी माझ्या घरात राहीन, एकटी. जगले तर जगले.

अस्मा ऐकत होती. तिला वाटलं मी तिलाच बोलतेय. थोडं तिलाही होतं.

सायमा हसून म्हणाली, “बरं अम्मी.” तिचं ते “बरं” माझ्या नोव्हेंबरातल्या “बरं”सारखंच होतं. पण मी घर वाचवलं. आज पहिल्यांदा नीट जेवले.

१९ फेब्रुवारी

कुंडीत काही नाही. कोंब नाही, सुरकुती नाही. मेलंय की झोपलंय, कळत नाही. प्रभाकरभाऊ म्हणतात, ऊन वाढू दे. थांबतेय. थांबण्यात आता माझा हात कोण धरणार?

२५ फेब्रुवारी

इद्दत संपली. आंघोळ, दुआ, बायका, बिर्याणी. सगळ्या गेल्यावर चप्पल घातली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. एवढंच. पाय दुखले. भाजीवाला म्हणाला, “चाची, खूप दिवसांनी!” बस्स, त्याने दुसरं काही विचारलं नाही. त्याच्याकडून गरज नसताना कोथिंबीर घेतली.

अस्मा परवा जाणार. संध्याकाळी जिन्यातून आली आणि आपणहूनच म्हणाली, “मी नुसतं बघितलं, भाभी. कसम से, पाणी नाही घातलं.”

२७ फेब्रुवारी

सायमा आली. न सांगता. दोन मोठ्या बॅगा. मला न्यायलाच आली असेल म्हणून मी भांडायच्या तयारीत दारात उभी. ती म्हणाली, “अम्मी, गच्चीवरची खोली दे मला.” लिपस्टिक नव्हती. चेहरा काय झालाय! तीन महिने मला बोलावत होती, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. आणि मी ऐकलं नाही.

वर खतामातीच्या पोत्यांशेजारी गादी टाकून दिली. झोपली आहे. अस्मा जाता जाता पाण्याचा ग्लास घेऊन निघाली तिच्याकडे — “काय झालं पोरी? अरीब काही बोलला? सासू?” जिन्यातच अडवली. ग्लास काढून घेतला. गच्चीच्या दाराची किल्ली माझ्याच कमरेला आहे.

सांगून टाकलंय सगळ्यांना. मोहल्ल्यातून कुणी यायचं नाही. कुणी काही विचारायचं नाही. सारखं उचलून बघायचं नाही.