वेठीचा दुसरा कोस

२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय चंद्रभान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नकोस. सोळा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पानंच्या पानं भरायला बसलोय, म्हणजे ह्यात पाटलाचा काहीतरी डाव असणार असं तुला वाटेल. वाटू दे. शक घ्यायचा मक्ता काही माझ्या एकट्याकडं नाही. गेलं वर्षभर मी तुझ्यावर जेवढा शक घेतला तेवढा गुरांच्या बाजारात दलालावरसुद्धा कधी घेतला नसेल. आधी ते सगळं सांगतो. मग जे सांगायचंय ते सांगेन. मधेच फाडून टाकू नकोस, एवढं कर.

अरे, तूच सांग, मी काय समजायचं? रिटायर झालेला ड्रॉइंग मास्तर, परभणीत पोराचं पक्कं घर, दारात रिक्षा मिळते. आणि तू महिन्यातून एका रविवारी वालूरला एसटीतून उतरणार, तिथून चालत गावात येणार, आपल्या माणसांच्या वस्तीत न जाता नीट माझ्या दारात येऊन उभा राहणार! हाक नाही, रामराम नाही, जयभीम नाही. टोपी काढून खाली मान घालून मिनिटभर उभं राहायचं आणि चारठाण्याच्या वाटेला लागायचं. तेही कसं, तर एकेक पाऊल बघून, तोंडानं मोजत. पार्वती पहिल्या खेपेला म्हणाली, अहो, मास्तर उन्हाचे आलेत, पाणी तरी विचारू का? मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, त्याला काय पाहिजे ते आधी कळू दे, मग पाण्याचं बघू.

कारण तू दारात उभा राहिलास की मला एकच गोष्ट आठवायची. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तुझं घर जळालं ती. फौजदारानं मला विचारलं, पाटील, तुम्ही काय पाहिलं? मी लिहून दिलं की मी शेतात होतो, काही पाहिलं नाही. ती जबानी तू वाचलीस, आणि त्या दिवसापासून मला दत्ता म्हणायचं सोडून दत्तराव म्हणायला लागलास. भांडला असतास तर बरं झालं असतं रे. केस तिथंच बसली, तू बिऱ्हाड परभणीला नेलंस. आता ह्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मला वाटलं, आता ह्यांचे दिवस आले, हा मास्तर जुनी जबानी उकरून काढणार. दारात उभं राहून आधी मला घाबरवायलाय आणि मग वकील आणणार.

मग तुझं ते पाऊल मोजणं. तुमची वतनाची जमीन आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडं आहे. कशी आली ते तुलाही ठाऊक आणि मलाही. मी म्हटलं, झालं, हा पावलानं मोजणी करायलाय! त्यातच एकदा तू गेल्यावर शिवेवरच्या बाभळीखाली एक कागद सापडला. त्यावर पेन्सिलीची एकच लांब वाकडीतिकडी रेघ, ना नाव ना आकडा. मी तो कागद छातीच्या खिशात घालून भर उन्हात तलाठ्याकडं पळालो. त्यानं गावचा नकाशा उघडला, कागद उभा धरला, आडवा धरला, उलटा केला आणि हसत सुटला. म्हणाला, पाटील, हे कुठल्याच गटाला बसंना, कुणीतरी पेन्सिल टेकवून डुलकी घेतल्यावानी दिसायलंय. सगळ्या चावडीसमोर शोभा झाली माझी.

त्यानंतर शेळ्या राखणाऱ्या बायनाबाईनं बातमी आणली. मास्तर शिवेच्या दगडावर बसून काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक वाचतेत, त्यावर क्रूस हाय, म्हणाली. गावाला तेवढं पुरलं. कुणी म्हणालं मास्तर किरिस्ताव झाला, कुणी म्हणालं मिशनवाल्यांनी त्याला पगार लावलाय. आमचा धाकटा भाऊ भुजंग यंदा सरपंचकीला उभा राहायच्या तयारीत आहे, त्याला तर आयताच विषय मिळाला. दादा, ह्याच्यावर नजर ठेव, हा अख्खी वस्ती फोडतो बघ, म्हणाला. आणि तुला खरं सांगू? मला लय बरं वाटलं. तू धर्माच्या मागं असशील तर माझ्या मागं नाहीस, असा माझा हिशेब. छप्पन साली बौद्ध झालेला माणूस साठी उलटल्यावर बायबल घेऊन का हिंडतो, हे विचारायचीही मला गरज वाटली नाही.

आपण चौथीत असताना चालत चारठाण्याला गेलो होतो, आठवतं? देवळाजवळच्या त्या उंच दगडी खांबासमोर तू पाटी घेऊन बसलास आणि दिवस कलला तरी उठेनास. मी भुकेनं रडकुंडीला आलो होतो. दशम्या माझ्या फडक्यात होत्या, पण तुला हातात द्यायच्या नाहीत, वरून टाकायच्या, असं आईनं बजावून पाठवलं होतं. मी एक वरूनच टाकली. तू खाल्लीस आणि पुन्हा खांब काढायला लागलास. येताना पाय दुखतात म्हणून मी सारखा बसायचो, तर तू म्हणालास, वाट लांब हाय असं म्हणू नको, वाट चांगली काढलीय असं म्हण. नऊ-दहा वर्षांचा होतास! मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की चंद्रभान येडा आहे.

काल मात्र मला राहवलं नाही. तू दारात उभा होतास, मी पायात वहाणा सरकवल्या आणि तुझ्या मागं निघालो. म्हटलं, आज ह्याचं काय आहे ते एकदाचं बघतोच. तू मागं वळून पाहिलंस आणि थोडा हळू झालास. मी उगीच बडबडत होतो, हरभऱ्यावर घाटेअळी पडली, लाईट राहत नाही, असलं काहीबाही. अर्ध्या वाटेत माझेच शब्द संपले. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की तू पुढं झुकून चालायलास, डोक्यावर काहीतरी जड असल्यासारखा. मी विचारलं, मानेला काय झालंय? तू म्हणालास, मानेला काही न्हाई, दत्तराव, ही माझ्या बापाची चाल हाय.

शिवेवर बसल्यावर तू जे सांगितलंस ते मी रात्रभर घोळवलं. निजामाच्या राज्यात दौऱ्यावरचा साहेब आला की आमच्या दारात त्याचं सामान उतरायचं आणि माझे आजोबा वस्तीत सांगावा धाडायचे. तुझे वडील मुंजाजीबाबा ते ओझं डोक्यावर घेऊन शिवेपर्यंत नेणार, तिथं पुढच्या गावचा माणूस उभा असणार. हा दस्तुर मी डोळ्यांनी पाहिलाय. तुझी बायको सरजाबाई मिशनच्या दवाखान्यात शेवटचे तीन महिने होती तेव्हा तिथल्या नर्सनं तुला ते पुस्तक वाचायला दिलं, आणि त्यात येशू म्हणतो की वेठीला धरून कुणी तुला एक कोस नेलं तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा. तू म्हणालास, ते वाचून माझं डोकं भडकलं, पुस्तक खाटेखाली भिरकावलं. ज्यानं कधी वेठ केली न्हाई त्यानं खुशाल असं बोलावं. पण ओळ काही डोक्यातून जाईना, आणि बसून वाचून तर ती कळणारच नव्हती. ज्यांनी ते पुस्तक लिहिलं ती पायी हिंडणारी माणसं होती, तर चालूनच बघावं. म्हणून तू वेठ जिथून उचलली जायची तिथून निघतोस. माझ्या दारातून.

मी म्हटलं, म्हणजे तू माझ्यासाठी उभा राहत नव्हतास? तू माझ्याकडं असं बघितलंस की जसं मी फार लांबून बोलतोय. म्हणालास, तुमच्यासाठी कशाला, दत्तराव? तुमचं माझ्याकडं काय काम? मग बाभळीच्या पुढं पाय टाकलास आणि मान वर केलीस. बाप शिवेवरून कायम माघारी फिरला, ह्याच्या पुढची वाट त्यानं मोकळ्या डोक्यानं कधी बघितली न्हाई, पहिला कोस पाटलाचा, हा दुसरा त्याचा, म्हणालास. ते येशूचं म्हणणं मला बरोबर कळलं का ते माहीत न्हाई, पण एवढं कळलं. मी किरिस्तावाचं विचारलं तर हसलास. मी बौद्ध हाय आन बौद्धच राहीन, दुसऱ्याच्या घरी जेवलं म्हणून कुणी आडनाव बदलतं का?

चालून झाल्यावर तू त्या चालीची एक रेघ काढलीस, हात न उचलता, आणि कागद वाऱ्यावर सोडून दिलास. मला आठवलं, तुझी वीस वर्षांची चित्रं एका पत्र्याच्या पेटीत होती, ती घराबरोबर गेली. मी विचारलं, चित्रं काढायची सोडलीस का? तू म्हणालास, काढतो की. पण आता पायानं काढतो. ह्याला काडी लागत न्हाई. कुठलाही राग न धरता बोललास, जसं कुणी पीकपाणी सांगतं. परतीला मी वाट बघत होतो, आता तरी विचारशील, दत्तराव, त्या दिवशी तुम्ही कुठं होता? वालूरच्या फाट्यापर्यंत वाट बघितली. तू विचारलं नाहीस. एसटी आली, तू चढलास, आणि खिडकीतून मागंसुद्धा बघितलं नाहीस. चंद्रभान, वर्षभर मला भीती होती की तू विचारशील. काल कळलं की तू माझ्याकडून काही ऐकायची आशाच सोडली आहेस. हे मला सोसलं नाही.

म्हणून हे पत्र. मी त्या दिवशी शेतात नव्हतो. दुपारची वेळ, मी ओसरीवर होतो. भुजंग चार-पाच जणांना घेऊन आला आणि कोठीची किल्ली मागितली. कोठीत रॉकेलचे डबे होते. कशाला पाहिजे म्हणून मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. किल्ली माझ्या करगोट्याला होती, ती सोडून दिली. एवढंच असतं तरी मी कदाचित हे लिहून मोकळा झालो असतो. पण भुजंग पायरीपर्यंत जाऊन थबकला होता, त्यालाही आतून भीती वाटत होती. तेव्हा मीच म्हणालो, जा, चंद्रभान सकाळीच परभणीला गेलाय, घरात कुणी नाही. मला तुझा जीव वाचवल्यासारखं वाटलं रे, खोटं नाही सांगत. सरजाबाई घरात असतील हे माझ्या मनातच आलं नाही. तिला त्या धुरातून ओढून काढली आणि तिची छाती धरली ती कायमची, पुढं तेरा वर्षं ती खोकत राहिली आणि तू तिला दवाखाने दाखवलेस, हे सगळं मी लोकांकडून ऐकत होतो आणि घरात जाऊन निजत होतो. सकाळी पार्वतीला सांगितलं. ती म्हणाली, मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि तिनंच पाकीट आणून दिलं. भुजंगला सांगितलेलं नाही, हे पत्र टपालात पडलं की सांगणार आहे. तारीख वर घातली आहे, खाली पूर्ण नाव लिहितो. पोलिसांत दे, कोर्टात दे, वस्तीत वाचून दाखव, कुणी विचारलं तर हे माझंच अक्षर आहे असं मी उभा राहून सांगेन. माफी मागत नाही, तुला ती द्यायची की नाही ह्याच्या घोरात टाकायचं नाही. सरजाबाई घरात आहे का, एवढं मी त्या दिवशी कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.

तुझाच, हे लिहायचा हक्क राहिला असेल तर,
दत्ता
(दत्तराव नारायणराव पाटील)