पाटीवर माझं नाव

उमरगा, मंगळवार संध्याकाळ

आज हायवेवरच्या माझ्या नव्या गाळ्यावर पाटी रंगली. इतकी वर्षं घरातच शिवणकाम केलं, खरंच वाटेना झालंय. आजूबाजूला कॅफे, जिम, सगळ्या पाट्या इंग्रजीत. पेंटर डबे उघडत होता तेव्हा गाळामालक म्हणाले, "ताई, नुसतं बुटीक लिहा. कांबळे कशाला? गिऱ्हाईक बिचकतं."

मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "दुकान तुझं, तू सांग."

मी पेंटरला सांगितलं, "सुनंदा कांबळे, लेडीज टेलर. मराठीत, मोठ्या अक्षरात."

पेंटरनं ब्रश रंगात बुडवला. रंग वाळायच्या आत कॅफेतली एक पोरगी आली. "कांबळे काकू, ब्लाउज शिवून मिळंल का?"

तिचं माप घेताना मी दोनदा बाहेर जाऊन पाटी वाचून आले.