सुरमा देवघरात बसला

दारव्हा, जीपस्टँड
पोळ्याची सकाळ

तीर्थस्वरूप सौ. विमलताईस धाकट्या बळीरामचा साष्टांग नमस्कार. (स्टँडच्या बाकावर साष्टांग जमत नाही, समजून घे.) भाऊजींचा खोकला गेला का? आयुष शाळेत बसतो, की अजून गेटापाशीच रडतो? आम्ही सगळे मजेत, बाबा सोडून. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं ‘ऐकू येते का’च्या पुढे कधी गेलोच नाही. पूनमसिंगची जीप तुमच्या कळंबला निघाली आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतो; निघाली म्हणजे अजून निघालेली नाही. चौदा माणसं बसल्याशिवाय तो किल्ली फिरवत नाही आणि आत्ता कुठे पाच झालीत. तेव्हा सविस्तर लिहितो.

वैशाखात बाबांनी सुरमा-पाखऱ्याची बैलजोडी विकली, तू त्यांना नाही नाही ते बोललीस आणि तेव्हापासून माहेरी फिरकली नाहीस. तुझंही चूक नाही म्हणा, सुरम्याची शिंगं रंगवायला तू कोणाला हात लावू देत नव्हतीस. पण कापसाला भाव नाही आणि कडब्याला मात्र आहे, असं तीन वर्षं चाललं होतं, त्यात बाबांचे गुडघे गेलेले. गाव सोडून माझ्याकडे आले आणि परवा म्हणाले, “यंदा मी पोळ्यात येत नाही. रिकाम्या हातानं तोरणाखाली कायले उभं राहू?” जन्मभर पोळ्यात पुढे उभा राहिलेला माणूस आज खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मले पाहवेना.

मी पडलो चित्रकलेचा मास्तर. या दिवसाची धास्ती मला राखीच्या आधीपासूनच होती, म्हणून म्हटलं बैल आपणच करू. आठवते का, विहिरीजवळची काळी माती आणून आपण बैल करायचो? तुझे बैल डुकरासारखे व्हायचे (खरं ते लिहितो), तरी बाबा ते गोठ्याच्या कोनाड्यात मांडून ‘विमलची जोडी पाणीदार’ म्हणायचे. माझ्या जोडीला कधी काही म्हणाले नाहीत. असो. आमच्या लेकीनं, आभानं पुण्याहून पॉलिमर क्ले पाठवली होती, म्हणजे भाजली की पक्की होणारी रंगीत माती. बाजारात प्लास्टिकच्या तीन गाई मिळाल्या. त्याही विलायती, काळ्या-पांढऱ्या, पाठ सपाट आणि खाली भरलेली कास. (तिसरी राखीला आलो तेव्हा आयुषला दिली, तीच.) आधी ब्लेडनं कास कापायला घेतली, तर शोभा ओरडली, “श्रावणात गाईवर ब्लेड! काय पाप करून राह्यले जी तुम्ही?” मी ऐकतो थोडाच. मातीचं वशिंड चढवलं, सुरम्याचं डावं शिंग वाकडं केलं, अगदी होतं तसं. आता भाजायचं कशात? ओव्हन आपल्याकडे कुठला! केक करतात तसं कुकरमध्ये मीठ पसरलं, शिटी काढली आणि सुरम्याला आत उभं केलं.

झाकण उघडलं तर वशिंड झकास, शिंग झकास, पण चारही पाय वितळून सुरमा खाली बसलेला. मी कपाळाला हात लावला. शोभानं मात्र हात जोडले. “बाप्पा! नंदी झाला!” कुंकू लावलं, बेल वाहिला, देवघरात ठेवला. परत मागितला तर म्हणते, बसलेला देव कोणी उठवते का? मग पाखऱ्याचं वशिंड वेगळं भाजून चिकटवलं आणि पोस्टर कलर दिला.

काल संध्याकाळी खांदमळणी. गल्लीभर तूप-हळदीचा वास. मी पाखऱ्याला बाबांच्या खाटेवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात पळालो. बाबांनी त्याला बराच वेळ फिरवून पाहिलं. मग हाक मारली, “शोभा, तूप-हळद आण.” तळहाताएवढ्या बैलाचा खांदा त्यांनी अंगठ्यानं मळला. माझा रंग सगळा निघून आला, खालून विलायती गाय दिसायला लागली, तरी मळतच होते. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आणि ताई, अंगठ्यावर पुन्हा तूप घेऊन त्यांनी हात पलीकडे नेला, सुरमा जुंपायचा त्या बाजूला. हात तसाच राहिला. मी दाराआडून पाहत होतो, रडलो, लपवत नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “जोडी असती तं गेलो असतो.”

अकरा माणसं झाली. पूनमसिंग हॉर्न मारून राह्यला. थांबतो.

तुझा,
बळीराम

ता. क. आयुषची गाय याच जीपनं पाठव. पोळा संध्याकाळी आहे, दुपारपर्यंत आली तरी कच्चंच वशिंड चिकटवून उभी करतो, भाजणार नाही. आयुषला नीट समजाव. गाय परत मिळेल, पण बैल होऊन.

दुसरा ता. क. गाय नाही सापडली तरी चालेल. काल तो हात बाबांनी शेवटी धोतराला पुसला आणि शोभाला विचारलं, “विमलले आवतन धाडलं का?” शोभा ‘हो’ म्हणून बसली. परतीच्या जीपमध्ये पुढची जागा तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे. ताई, आवतन घे, आज जेवाले ये.