खालापूरचं खालापुरात

३ जून, मंगळवार
कर्जतच्या शाळेला आमच्या पोशीर रूटसाठी बस ड्रायव्हर पाहिजे. पोस्ट आपलीच. बॅज आहे, अनुभव आहे, शिवाय आपली अंतरा तिथेच दुसरीत. पोरगी बापाच्या बसमधून जाणार! तिला सांगून टाकलं. तिने आळीभर सांगितलं.
फक्त पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. फॉर्मॅलिटी.

संध्याकाळी
आरोहीने विचारलं, अहो, पण ते खालापूरचं? बायकांची मेमरी! पाच वर्षं झाली त्याला. मामेभावाच्या हळदीहून येताना जरा घेतली होती, टेंपो स्वतःहून भातशेतात उतरला. कुणाला खरचटलंही नाही. कोर्टात जेवायच्या वेळेत सुटावं म्हणून गुन्हा कबूल म्हटलं, दंड भरला, पावती घेतली. पावती मिळाली म्हणजे विषय संपला.

५ जून, गुरुवार
टेंपो स्टँडवरचा जितेश म्हणतो, असल्या नोंदी तीन वर्षांनी आपोआप पुसतात. व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ परदेशातला होता, पण कायदा तो कायदा. शिवाय केस खालापूरची, शाळा कर्जतची. तालुकाच वेगळा!
हल्लीच्या टेंपोमालकाला सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा.

७ जून, शनिवार
आरोहीने जबरदस्तीने उमाताई वकिलांकडे नेलं. ताई म्हणाल्या, कोर्टाने दोषी ठरवलं की नोंद राहते हर्षद, तिला काय एक्स्पायरी डेट असते? आणि कॉम्प्युटरला तालुका कळत नाही. शाळेच्या मॅडमना स्वतः जाऊन सांग, माणसं समजून घेतात.
बाई चांगल्या आहेत. अपडेटेड नाहीत.
घरी बाबा म्हणाले, पोलिसांचं पुसशील रं, गावाचं कसं पुसशील? हळदीला सगला गाव तितंच व्हता.
घरातून सपोर्ट शून्य.

१२ जून, गुरुवार
रिपोर्ट शाळेत पोचला. कुणी काही बोललं नाही. म्हणजे साफ! जितेशला वडापाव दिला. खाकी शर्ट आणला.

१४ जून, शनिवार, सकाळ
आज पालकसभा. आरोही म्हणाली, मॅडमचा फोन होता, तुम्ही आज येऊ नका. सरप्राइज असणार, नव्या स्टाफची ओळख वगैरे. ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी इस्त्रीत होतो. पालक म्हणून जाणं माझा हक्क आहे. जाणारच.

दुपार
मॅडम मला बघून जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, नाव सांगत नाही, पण एका उमेदवारावर दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी नोंद आहे. त्यानंतर वागणूक चांगली. कमिटीला वाटतं एक संधी द्यावी. तुमचं मत काय?
मी हादरलो. असला माणूस माझ्या स्पर्धेत! सगळ्यात आधी उठलो. आरोहीने शर्ट ओढला, मी हात सोडवला. म्हटलं, मॅडम, प्रश्न आमच्या मुलांचा आहे. पाच वर्षं होवोत नाहीतर पन्नास, एकदा प्यायला तो प्यायला. संधी द्यायची तर म्हशी न्यायला द्या, मुलं नको.
टाळ्या पडल्या. सगळ्यांनी हात वर केले. आरोहीने केला नाही. तिने डोक्याला लावला होता.

संध्याकाळी
गेटवर आरोहीने सांगितलं.
जेवलो नाही.

१५ जून, रविवार
जितेशचा फोन लागत नाही.
मॅडमकडे गेलो. मी म्हटलं, ते जनरल बोललो होतो. त्या म्हणाल्या, कमिटी तुमच्याच बाजूची होती हो, पण तुम्ही इतकं पटवून दिलंत, की आता तो शाळेचा नियमच झालाय.

१६ जून, सोमवार
बस वेळेवर आली. ड्रायव्हर कोंडाण्याचा, शुक्रा नाव. गाडी बरी चालवतो. अंतराने खिडकीतून विचारलं, बाबा, तू उद्यापासून का? मी हात हलवला.
टेंपोमालकाला फोन केला. जागा अजून रिकामीच आहे म्हणाला. पण त्याची नात त्याच शाळेत आहे. कुणा पालकाचं भाषण त्याला फार पटलंय. यापुढे तोही व्हेरिफिकेशन मागणार.